थ्रेड : कडुनिंबाचे पान, बालाघाटातील घोडा आणि म्युनिकमधील साक्ष

गुढीपाडवा जवळ आला की एक संदेश दरवर्षी न चुकता फिरू लागतो. त्यात दोन दावे असतात. पहिला असा, की कडुनिंबाची कोवळी पाने रोज चावली की अंगातील सर्व जंतू मरतात आणि कोणतीही जखम भरून येते. दुसरा असा, की युरोपला कडुनिंबाचे पेटंट रद्द करावे लागले ते आपल्या प्राचीन ग्रंथांपुढे हात टेकावे लागल्यामुळे. पहिला दावा रसायनशास्त्राचा आहे आणि दुसरा इतिहासाचा. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे खरे तर दुसऱ्यापुरतेच बोलायला हवे. परंतु दोन्ही दाव्यांत चूक एकाच प्रकारची आहे, आणि पहिल्या दाव्याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. त्यामुळे थ्रेड थोडा लांबेल.

आरंभ सोळाव्या शतकातील एका घोड्यापासून करू.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला. धर्मांतर करावे लागलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला आणि स्पेनमधील विद्यापीठांत शिकलेला हा माणूस पुढे मरेपर्यंत हिंदुस्थानातच राहिला. गोव्यातील वैद्यकीबरोबरच त्याचा अहमदनगरच्या दरबाराशी दीर्घकाळ संबंध होता. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून तो घाट चढून वारंवार वर येत असे. घाटमाथ्यावरील या मुलखाला तो 'बालाघाट' म्हणतो. आज बार्शीकडे डोंगररांगेपुरते उरलेले हे नाव त्या काळी दख्खनच्या मोठ्या भागासाठी वापरले जाई.

१५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील औषधींविषयीचे संवाद आहेत. स्वतः ऑर्ता आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा वैद्य यांच्यात ते घडतात. रुआनो सतत ग्रीक व अरब ग्रंथांचे दाखले मागतो आणि ऑर्ता त्याला आपण डोळ्यांनी काय पाहिले ते ऐकवतो. आपण स्पेनमध्ये असतो तर गेलनच्या विरोधात बोलण्याची छाती झाली नसती, अशा अर्थाचे एक वाक्यही तो बोलून जातो.

या ग्रंथात 'निंबो' या झाडावर एक छोटा संवाद आहे. निर्गुडीवरही एक आहे, तो वेगळा. निंबोची महती आपल्याला बालाघाटात कळली, असे ऑर्ता सांगतो. घोड्यांच्या ज्या जखमा स्वच्छ करणे व बऱ्या करणे अतिशय अवघड होते, त्या या झाडाने लवकर स्वच्छ झाल्या व भरल्या. कृतीही तो देतो : पाने वाटायची, त्यांत लिंबाचा रस मिसळायचा आणि तो लेप जखमेवर घालायचा.

आता हा घोडा त्या काळाच्या नकाशावर उभा करून पाहू. इ. स. १५२४ मध्ये अहमदनगर आणि विजापूर यांच्यात सोलापूर येथे तह झाला आणि आदिलशाही राजकन्या मरियम हिचा बुऱ्हाण निजामशहाशी विवाह ठरला. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचे कबूल झाले होते. तो दिला गेला नाही. त्यावरून पेटलेले वैर पुढची कित्येक दशके धुमसत राहिले आणि सोलापूर व परिसराचा मुलूख दोन्ही फौजांच्या टापांखाली तुडवला जात राहिला. ऑर्ता ज्या राजाची नाडी पाहत होता, तोच राजा आमच्या गावावर चाल करून येत होता. (आम्ही सोलापूरकर हे लक्षात ठेवतो.)

या लढायांचा कणा घोडदळ होते. चांगले घोडे अरबस्तान व इराणकडून समुद्रमार्गे येत, गोव्याच्या बंदरात उतरत आणि भारी किमतीला विकले जात. जखम कशाची होती हे ऑर्ता लिहीत नाही. परंतु मोहिमेतील घोड्याच्या पाठीवर जिनाच्या घर्षणाने पडणारा घाव म्हणजे काय, हे घोडे राखणाऱ्याला सांगावे लागत नसे. अशा घावात पू झाला की हजारो मैलांवरून आणलेले जनावर निकामी होई. तेव्हा पाला वाटणारा हात हौसेने वाटत नव्हता.

तो हात कोणाचा होता? बहुधा एखाद्या मोतद्दाराचा. ग्रंथात त्याचे नाव नाही. ऑर्ता इतर ठिकाणी मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख करतो, एवढेच नव्हे तर त्याला संवादात बोलतेही करतो. परंतु या पानावर 'मला बालाघाटात कळले' एवढ्यावरच तो थांबतो. या अनामिकाची आठवण थ्रेडच्या पुढच्या भागात पुन्हा निघेल.

ऑर्ताने लिहिले म्हणून त्याने शोधले, असे अर्थातच नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावर घालायच्या तिळाच्या कल्कात निंबपत्र व मध मिसळला की तो व्रणाचे 'शोधन' करतो, असे विधान आहे. 'रोपण', म्हणजे जखम भरून आणणे, ही निराळी पायरी मानली आहे. रुग्णाच्या खोलीला निंबपत्र, मोहरी, मीठ, तूप इत्यादींची धुरी देण्याचाही उपदेश तेथे आहे. ऑर्ताचे शब्द आठवा : आधी 'स्वच्छ करणे', मग 'बरे करणे'. दोन साक्षीदार, मध्ये हजाराहून अधिक वर्षे, भाषा भिन्न, आणि क्रम तोच.

मात्र आमच्या शास्त्रात साक्षीदाराला त्याने न सांगितलेले विचारू नये असा दंडक आहे. या दोन्ही साक्षींतून काय निघते ते काटेकोरपणे पाहा. वापर बाह्य आहे. जखम उघडी आहे. पान एकटे नाही, सोबत मध किंवा लिंबाचा रस आहे. मधाचा दाट साखरपाक जंतूंचे पाणी शोषून घेतो, शिवाय त्यात सूक्ष्म प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्लात अनेक जिवाणूंची वाढ खुंटते. म्हणजे घोडा बरा झाला त्याचे किती श्रेय पानाला, किती लिंबाला आणि किती त्या नावडत्या कामाला, म्हणजे दररोज घाण धुऊन काढण्याला, हे या साक्षींवरून वेगळे करता येत नाही.

ते वेगळे करण्याचा उद्योग पुढच्या काळाने केला. मधले टप्पे भरभर ओलांडू. १५६७ मध्ये क्लुसियसने ऑर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे छापला आणि बालाघाटातील ही वार्ता युरोपभर गेली. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव देताना 'अझाडिराक्टा' हा शब्द योजला. फारसी 'आझाद दरख्त' या नावाचे ते लॅटिन रूप. इंग्रजी अमदानीत, १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्ये कडुनिंबाची साल व पाने अधिकृत औषधांच्या यादीत आली आणि जुनाट, चिघळलेल्या व्रणांवर पानांचे पोटीस बांधण्यास मान्यता मिळाली. तोवर जंतू हा शब्द वैद्यकात आजच्या अर्थाने रुळलेलाही नव्हता.

खरी उलथापालथ झाली ती 'पाना'ऐवजी 'पानात काय' हा प्रश्न आल्यावर. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून तीन कडू द्रव्ये वेगळी केली : निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन. सिद्दीकी पुढे पाकिस्तानात गेले व कराचीत १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत या झाडाच्या मागे राहिले. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी बियांतून अझाडिराक्टिन मिळवले. टोळांना पीक खाण्यापासून परावृत्त करणारे हे द्रव्य. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत तो संपूर्णपणे घडवायला २००७ साल उजाडले.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण फिरत्या संदेशांत तो हमखास पुसला जातो. अझाडिराक्टिन मुख्यतः लिंबोळीच्या बीमध्ये असते. पानातील प्रमुख कडू द्रव्य निराळे, त्याचे नाव निंबोलाइड. शिवाय पानात क्वेर्सेटिन व रुटिन ही फ्लॅव्होनॉइड कुळातील द्रव्ये आणि टॅनिन असतात. टॅनिन प्रथिनांना घट्ट पकडते. जखमेचा ओलावा आवळला जातो आणि तिच्यावर पापुद्रा धरतो तो त्यामुळे. निंबोलाइडच्या रेणूत अशा काही जागा आहेत की जेथे तो जिवाणूंच्या प्रथिनांशी रासायनिक बंध जोडू शकतो. गळू, पू आणि त्वचेचे संसर्ग ज्याच्यामुळे वारंवार होतात त्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे.

आणि हा तपशील मला फार आवडतो : निंबिन, निंबोलाइड, अझाडिराक्टिन ही सारी द्रव्ये ज्या रासायनिक कुळातील, त्याचे नाव 'लिमोनॉइड'. हे नाव लिंबूवर्गीय फळांच्या बियांतील 'लिमोनिन' या कडू द्रव्यावरून पडले. आमच्याकडे कडुनिंबाला नुसते 'लिंब' म्हणतात आणि आंबट फळाला 'लिंबू'. भाषेने शेजारी बसवलेली ही दोन झाडे रसायनशास्त्रानेही एकाच कुळात बसवली. यावरून कोणी 'पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असा संदेश लिहिणार असेल तर थांबावे. शब्दांचे साम्य हा योगायोग आहे, आणि लेपातील लिंबाच्या रसाचे काम त्यातील आम्ल करते.

'अर्क' या शब्दाचाही थोडा समाचार घेऊ. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी माझी एक मैत्रीण याच विषयावर प्रकल्प करत होती. तिच्या प्रयोगशाळेत मी दोन दिवस बसले. पाने सावलीत वाळवायची, दळायची, एक भाग पाण्यात व एक भाग मिथेनॉलमध्ये भिजवायचा, गाळून द्रावक उडवून लावायचा. खाली उरतो तो काळपट हिरवा चिकट अर्क. मग काचेच्या बशीत अगर ओतून त्यावर जिवाणू पसरायचे, अगरमध्ये छोटे खड्डे पाडून त्यांत अर्क भरायचा आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. जिवाणू मेले किंवा वाढले नाहीत, तर खड्ड्याभोवती स्वच्छ कडे दिसते.

दुसऱ्या दिवशी स्टॅफिलोकॉकसच्या बशीत मिथेनॉलच्या अर्काभोवती कडे होते आणि पाण्याच्या अर्काभोवती सांगण्यासारखे काही नव्हते. लिमोनॉइड द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे काढ्यात बरेचसे टॅनिन आणि साखरेशी जोडलेली फ्लॅव्होनॉइड उतरतात, निंबोलाइड मागे राहते. ज्या अर्काच्या जोरावर वर्तमानपत्रात 'कडुनिंब जंतुनाशक' असा मथळा येतो, तो अर्क कोणाच्याही घरात कधी नव्हता.

मला अधिक रुचला तो चौथा खड्डा. त्यात अर्क नव्हताच, नुसता द्रावक होता. तो कशाला, असे विचारल्यावर ती म्हणाली, "द्रावकानेच जिवाणू मारले नाहीत ना, हे कळायला नको का?" आमच्याकडे याला साधनचिकित्सा म्हणतात. तिने आणखी एक बजावले : कडे मोठे म्हणजे औषध जालीम असे समजू नकोस, कारण जे द्रव्य अगरमध्ये दूरवर पसरत नाही त्याचे कडे लहानच राहते. शिवाय बशी म्हणजे जखम नव्हे. बशीत रक्त नसते, मेलेले मांस नसते, आणि साखर वाढलेला माणूसही नसतो.

साखर वाढलेला माणूस म्हणजे माझा मामा. यंत्रमागावर तीस वर्षे उभा राहिलेला. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला, फुटला, आणि संवेदना कमी झाल्यामुळे दुखला नाही. त्या सुमारास वर सांगितलेला संदेश त्याच्या मोबाइलवर आला होता. त्याने जवळजवळ तीन आठवडे लिंबाचा पाला वाटून बांधला. पाला ताजा होता, वाटणारी मामी निगुतीची होती. दवाखान्यात नेले तेव्हा बोट काळे पडले होते. पुवाच्या तपासणीत स्युडोमोनास निघाला. बोट काढावे लागले.

स्युडोमोनास हा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम याने रंग देऊन जिवाणूंचे जे दोन गट ओळखले, त्यांतील या गटाला पेशीभित्तीबाहेर आणखी एक आवरण असते. वनस्पतीतील कितीतरी द्रव्ये तेथेच अडतात आणि जी आत शिरतात त्यांना हा जिवाणू पंपाने बाहेर फेकतो. स्टॅफिलोकॉकसवर दिसणारा पानाचा प्रभाव येथे पुष्कळदा क्षीण पडतो. सुश्रुताने किंवा ऑर्ताने मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर पान बांधा असे सांगितलेले नव्हते. ते विधान संदेश लिहिणाऱ्याचे होते.

पोटात घेण्याविषयी तर अधिकच जपायला हवे. पाडव्याला गूळ, चिंच, ओवा, हिंग, मिरे यांच्यासोबत चार पाने खाणे निराळे. परंतु 'नैसर्गिक' म्हणून तान्ह्या मुलांना कडुनिंबाचे तेल पाजल्याने त्यांना यकृत व मेंदूचा गंभीर आजार झाल्याची प्रकरणे मलेशियातील डॉक्टरांनी १९८१ मध्ये नोंदवली आहेत. मुलांना तेल पाजणारी घरचीच माणसे होती आणि त्यांचा हेतू चांगला होता.

आता दुसरा दावा : पेटंट.

१९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना एक पेटंट दिले. ते पानाचे नव्हते आणि झाडाचेही नव्हते. कडुनिंबाच्या बियांच्या तेलाचा विशिष्ट रीतीने काढलेला अर्क वापरून वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे ते होते. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील मागदा अल्वुट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले. शतकानुशतकांच्या वापराचा मुद्दा त्यांनी मांडला होता, आणि तो मांडणे योग्यच होते.

परंतु पेटंटच्या न्यायात 'शतकानुशतके' हा शब्द फार दूर नेत नाही. तेथे प्रश्न असा असतो : नेमकी हीच पद्धत, अर्जाच्या तारखेपूर्वी, उघडपणे, कोणी, कोठे, केव्हा वापरली? मे २००० मध्ये म्युनिक येथील सुनावणीत या प्रश्नाला उत्तर देणारा साक्षीदार उभा राहिला तो महाराष्ट्रातला. अभय फडके हे कडुनिंबाची उत्पादने तयार करणारे उद्योजक. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशा अर्काच्या चाचण्या झाल्याचा पुरावा त्यांनी दिला. साल, ऋतू, जिल्हा, पीक घेणारी माणसे, सारे सांगता येत होते. पेटंट रद्द होण्यात या साक्षीचे वजन मोठे होते. ग्रेसच्या बाजूने अपील झाले आणि ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळले गेले.

अमेरिकेत हीच साक्ष चालली नसती. तेव्हाच्या तेथील कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा म्हणून धरला जात नसे. परदेशातील ज्ञान छापील हवे असे. हळदीच्या जखमेवरील वापराचे १९९५ मधील अमेरिकी पेटंट भारताने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले ते छापील साहित्य पुढे ठेवून. म्हणजे ऑर्तासारख्याचे एक छापील पान वॉशिंग्टनमध्ये ग्राह्य धरले गेले असते, आणि ज्याने ते ज्ञान ऑर्ताला दिले त्या मोतद्दाराचा हात मात्र नाही. म्युनिकमध्ये निदान त्याच्या वंशातील एखादा माणूस जाऊन 'आम्ही हे केले आहे' असे म्हणू शकत होता, आणि तसे म्हणणारा गेलाही.

म्हणून पेटंटच्या कथेत ग्रंथांचा जयघोष ऐकला की मला थोडा रागच येतो. सांगली जिल्ह्यातील रानात भर उन्हाळ्यात फवारणी करून नोंदी ठेवणाऱ्या माणसांचे श्रेय त्यात गडप होते. त्या नोंदी नसत्या तर खटला किती अवघड झाला असता, याचा विचार संदेश पुढे ढकलणारे करत नाहीत.

मामा आता बरा आहे. पाय रोज तपासतो, चपलेशिवाय अंगणातही उतरत नाही. पाडव्याला मामीने गुळासोबत पानाची गोळी दिली, ती त्याने खाल्ली. तो संदेश यंदाही त्याला आला होता. त्याने तो मला पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह घालून. हा थ्रेड त्या प्रश्नचिन्हाला उत्तर म्हणून लिहायला घेतला होता.

मरियमच्या हुंड्यातील सोलापूरच्या किल्ल्याचे पुढे काय झाले, आणि चाँदबिबीच्या लग्नात तो पुन्हा हुंडा म्हणून कसा पुढे आला, हे पुढच्या थ्रेडमध्ये.